फ्लेक्सवरची भाषा दाराबाहेर ठेवा

(या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

एसटीत असाल, रानात पाण्याची पाळी धरून बसला असाल, नाहीतर रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन पडला असाल, जिथं असाल तिथं तुमचं स्वागत. आजचा विषय जरा तापलेला आहे. राजकारण. पण आज आपण भांडायचं नाहीये. राजकारणाबद्दल विकिपीडियावर लिहायचं कसं, एवढंच बघायचंय.

मी काही वर्षांपासून मराठी विकिपीडियावर लिहिते आणि नव्यानं येणाऱ्या पोरापोरींना हाताशी धरून शिकवते. मध्यंतरी कराडला असंच एक सत्र झालं. वीसेक जण होते. अर्धे सातारा जिल्ह्यातले, कराड, पाटण, कोरेगावकडचे. अर्धे सांगलीचे, वाळवा, पलूस, तासगावकडचे. मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं:

"1978 साली शरद पवारांनी वसंतदादांच्या पाठीत खंजीर खुपसला."

आणि विचारलं, हे वाक्य विश्वकोशात चालेल का?

सांगलीकडचा एक जण लगेच म्हणाला, "ताई, यात चूक काय आहे? आमच्या घरात तर असंच म्हणतात." मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "त्याला राजकारण म्हणतात भावा." झालं. पाच मिनिटं खोलीत नुसता गोंधळ. मी गप्प उभी राहिले. कारण मला नेमकं हेच दाखवायचं होतं. 1978 साली त्या खोलीतलं एकही पोरगं जन्माला आलं नव्हतं, तरी प्रत्येकाला बाजू होती.

मग मी म्हटलं, चला, आता याच घटनेत काय काय झालं ते सांगा. मत नको, फक्त घटना. हळूहळू फळा भरत गेला. 1978 च्या विधानसभा निवडणुकीनंतर काँग्रेसच्या दोन गटांनी मिळून सरकार बनवलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैमध्ये शरद पवार काही सहकाऱ्यांसह सरकारमधून बाहेर पडले. सरकार कोसळलं. 18 जुलै 1978 ला पवार पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे पुलोदच्या सरकारचे मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त झालं आणि राज्यात राष्ट्रपती राजवट लागली.

आता गंमत बघा. या यादीत दादांचा माणूस आणि पवारांचा माणूस, दोघांनाही खोडायला काही सापडत नाही. आणि मग शेवटी एक वाक्य येऊ शकतं: "या घटनेचं वर्णन पवारांचे विरोधक 'पाठीत खंजीर खुपसला' या शब्दांत करत आले आहेत." त्याला संदर्भ जोडायचा. पवारांनी स्वतः या निर्णयाची जी कारणं दिली आहेत, तीही संदर्भासह द्यायची. खंजीर गेला नाही बरं का. खंजीर लेखात आहेच, फक्त तो कुणाच्या तोंडचा शब्द आहे ते आता वाचणाऱ्याला कळतंय.

हा आजचा पहिला आणि सगळ्यात मोठा धडा. मत लिहायला बंदी नाही. मत विकिपीडियाच्या तोंडी घालायला बंदी आहे.

एवढी काळजी कशाला?

तुम्ही म्हणाल, ताई, एक वाक्य इकडचं तिकडं झालं तर काय बिघडलं?

सांगते. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला. आज तिथं लाखाच्या आसपास लेख आहेत, पण नियमित लिहिणारी, तपासणारी माणसं फार थोडी. इंग्रजीत एखाद्या मोठ्या नेत्याच्या पानावर कुणी खोडसाळपणा केला तर काही मिनिटांत कुणीतरी तो उलटवतं. आपल्याकडं तालुक्याच्या आमदाराच्या पानावर घातलेलं वाक्य वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. शाळेतलं पोर ते प्रकल्पात उतरवतं. स्थानिक वार्ताहर घाईत ते उचलतो. मग बातमीत आलं म्हणून कुणीतरी तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून लावतं. वर्तुळ पूर्ण. आता तर मोबाईलला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, आणि त्या उत्तरामागंही असली पानं वाचलेली असतात. म्हणजे तुम्ही रात्री अकरा वाजता रागाच्या भरात टाकलेला एक शब्द, तुम्हाला न ओळखणारा माणूस उद्या "माहिती" म्हणून ऐकणार आहे. मतदानाला जाताना ऐकणार आहे.

फ्लेक्सवरची मराठी

दुसरी गोष्ट, विशेषणं. आपल्याकडं कुठल्याही चौकात जा. कार्यसम्राट. विकासपुरुष. लोकनेते. झुंजार. धडाडीचे. गोरगरिबांचे कैवारी. ही सगळी फ्लेक्सवरची मराठी. आपण ती इतकी वाचलीय की लिहायला बसलं की हाताला तीच येते.

मी मुलांना एक सोपी चाचणी देते. विशेषण काढा आणि त्या जागी काम लिहा. "विकासपुरुष" काढा. कुठली पाणी योजना, कधी मंजूर झाली, किती गावांना पाणी मिळालं, ते लिहा. लिहायला काही सापडलं नाही, तर ते विशेषण फ्लेक्सवरच राहू द्या. सापडलं, तर विशेषणाची गरजच उरत नाही. वाचणारा स्वतः ठरवेल माणूस केवढा होता ते.

याची उलटी बाजूही आहे. आवडत्याला विकासपुरुष म्हणणारे आपण नावडत्याला गद्दार, घराणेशाहीचा वारस, पलटूराम म्हणतो. तोही फ्लेक्सच, फक्त उलटा टांगलेला.

आणि मराठीत एक छुपा पक्षपात आहे, जो इंग्रजीत दिसतच नाही. आपल्याकडं "ते" आणि "तो" आहे. आवडता नेता "ते निवडून आले". विरोधक "तो पडला". एका पोरीच्या मसुद्यात मी हे दाखवलं तेव्हा ती चकितच झाली. तिनं मुद्दाम केलंच नव्हतं, घरातल्या जेवणाच्या ताटावरची भाषा तशीच उतरली होती. म्हणून नियम साधा: प्रत्येक व्यक्तीला "ते" किंवा "त्या". जिंकलेल्याला, हरलेल्याला, तुरुंगात गेलेल्यालाही.

उपाध्यांचंही तसंच. साहेब, दादा, आबा, भाऊ, बापू, ताई हे आपले मायेचे शब्द. लेखाच्या सुरुवातीला "आबा या नावानं ओळखले जात" असं एकदा सांगावं आणि पुढं नाव वापरावं. काही ठिकाणी उपाधी नावाचाच भाग झालेली असते, क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचं आपल्या मातीतलं उदाहरण. तिथं वाचक ज्या नावानं शोधणार ते नाव द्यावं लागतं. पण "माननीय", "सन्माननीय", "आमचे नेते" हे शब्द निमंत्रणपत्रिकेतले. ते तिथंच शोभतात.

शेणोलीची गाडी: लूट की वसुली?

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. 7 जून 1943. कराड तालुक्यातलं शेणोली. प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वे अडवली आणि त्यातली ब्रिटिश सरकारची रक्कम नेली.

याला काय म्हणायचं? ब्रिटिश सरकारच्या लेखी हा दरोडा. आपल्या पुस्तकांत बऱ्याचदा "खजिना लुटला" असं येतं. आणि त्या कारवाईत असलेले कुंडलचे कॅप्टन भाऊ म्हातारपणी मुलाखतीत सांगत, की आम्ही लुटलं असं म्हणू नका, लोकांचाच पैसा होता, तो आम्ही परत आणला.

सत्रात पलूसकडचा एक मुलगा होता. त्याचे पणजोबा त्या चळवळीत होते. तो म्हणाला, "ताई, तटस्थ म्हणजे मी इंग्रजांची बाजू पण लिहायची? माझ्या पणजोबांना दरोडेखोर म्हणायचं?" आवाज जरा चढलाच होता त्याचा. आणि मला त्याचा राग पटत होता.

मी त्याला म्हटलं, तू कुणाला काहीच म्हणू नकोस. तू घडलं ते लिही: कुठं, कधी, कुणी, काय नेलं, त्या पैशाचं पुढं काय झालं. मग लिही, ब्रिटिश प्रशासनानं याची नोंद दरोडा म्हणून केली. मग लिही, सहभागी झालेल्यांनी याला लूट म्हणायला विरोध केला, त्यांचं म्हणणं असं होतं. वाचणाऱ्याला दोन शब्दांमधलं अंतर दिसेल. त्या अंतरातच सगळा इतिहास आहे की.

त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर स्वतःच म्हणाला, हे जास्त भारी वाटतंय. कारण नुसतं "थोर क्रांतिकारक" लिहिलं की वाचणारा मान डोलावून पुढं जातो. सरकार ज्याला दरोडेखोर म्हणतं त्यालाच गावं भाकरी बांधून देतात, हे वाचलं की तो थांबतो.

पान कुणाच्या जिल्ह्याचं?

इथं एक हलकं भांडण पण झालं. यशवंतराव चव्हाण कुणाचे, साताऱ्याचे की सांगलीचे? कऱ्हाडची पोरं म्हणतात आमचे. कडेगावची म्हणतात, जन्म देवराष्ट्र्याचा, देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात, मिटला विषय.

विश्वकोशात याचं उत्तर एका ओळीत मिळतं, फक्त वर्षं नीट लावायची. यशवंतरावांचा जन्म 1913 चा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. 1949 मध्ये सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून लिहायचं: "तत्कालीन सातारा जिल्ह्यातील, सध्या सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे येथे जन्म." दोन्हीकडची पोरं गप्प. नाना पाटलांच्या येडेमच्छिंद्रालाही हेच लागू.

हे उदाहरण मी मुद्दाम देते. कारण सगळ्या वादांत "दोन्ही बाजू" लिहायच्या नसतात. जिथं नोंद आहे तिथं नोंद लिहायची. जिथं खरोखर मतभेद आहे तिथं मतं लिहायची, कुणाची ते सांगून. कुणी म्हणालं की अमका उमेदवार हरलाच नाही, तर निवडणूक आयोगाचा आकडा आणि त्याचं म्हणणं एकाच तागडीत तोलायची गरज नाही. तटस्थ राहायचं म्हणजे खऱ्या-खोट्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं, असं नाही.

आजकालचे पक्ष, आजकालचे शब्द

आता तुमच्या डोळ्यासमोर घडलेलं घेऊ. 2024 ची सांगली लोकसभा. महाविकास आघाडीत ही जागा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला गेली, उमेदवार चंद्रहार पाटील. भाजपकडून संजयकाका पाटील. आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाख मतांनी निवडून आले. नंतर त्यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला.

माहितीचौकटीत पक्ष काय लिहाल? सत्रात चार जणांनी "काँग्रेस" लिहिलं. मनानं काँग्रेसचेच आहेत, असं त्यांचं म्हणणं. पण मनात काय आहे त्याचा रकाना माहितीचौकटीत नसतो. निवडून आले ते अपक्ष म्हणून, तेच तिथं येणार. काँग्रेसचा पाठिंबा आणि आधीचा प्रवास, ते खाली मजकुरात, तारखांसह.

साताऱ्याचं बघा. मे 2019 मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादी काँग्रेसकडून लोकसभेवर निवडून आले. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. 21 ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली, त्यात राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील जिंकले. 2024 मध्ये उदयनराजे भाजपकडून पुन्हा लोकसभेवर गेले. चार वाक्यं, चार घटना. "पक्ष बदलला" हे लिहिता येतं. "निष्ठा विकली" किंवा "विकासासाठी धाडसी पाऊल उचललं" हे दोन्ही लिहिता येत नाही.

आणि ती पावसातली सभा! 18 ऑक्टोबर 2019, सातारा, भर पावसात शरद पवारांचं भाषण. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. एकीनं लिहिलं, "या सभेमुळे निवडणुकीचा निकाल फिरला." मी विचारलं, कशावरून? सभा झाली ही घटना. निकाल लागला ही घटना. पण "मुळे" हा शब्द? तो निष्कर्ष आहे. एखाद्या विश्लेषकानं तसं म्हटलं असेल तर त्याच्या नावानं द्या. आपल्या लिखाणात "मुळे", "म्हणून", "परिणामी" हे शब्द दिसले की जरा थांबा, ते कुणाचं मत आहे ते विचारा. विशेषण पटकन दिसतं, हे छोटे शब्द गुपचूप घुसतात.

पक्षफुटीचं तर विचारूच नका. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. "खरी शिवसेना", "चोरलेलं चिन्ह", "बंडखोर", "उठाव", प्रत्येक शब्दावर कुणाचा ना कुणाचा झेंडा. इथं तारीख आणि निर्णय धरून चाला. निवडणूक आयोगानं 17 फेब्रुवारी 2023 ला शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, 6 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिलं, आणि दोन्ही ठिकाणी विरुद्ध बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली. एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला सगळं कळतं, आणि लेख कुणाच्या फ्लेक्ससारखा दिसत नाही.

किती जागा द्यायची?

काही वेळा एकेक वाक्य खरं असतं, पण लेख मात्र खोटा होतो. कसं ते आर. आर. पाटील यांच्यावरून बघू. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, डान्सबारबंदी, गृहमंत्रिपद, 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर केलेल्या विधानावरून झालेली टीका, राजीनामा, 2009 मध्ये पुन्हा गृहमंत्रिपद, 2015 मध्ये निधन.

आता एकानं लेखाचा पाऊण भाग त्या एका विधानावर लिहिला. दुसऱ्यानं ग्रामस्वच्छतेवर पानं भरली आणि राजीनामा "काही कारणानं" असा गुंडाळला. दोघांचंही प्रत्येक वाक्य खरं. दोन्ही लेख एकतर्फी. माणसाच्या आयुष्यात त्या गोष्टीला जेवढी जागा होती, जबाबदार पुस्तकांनी आणि वृत्तपत्रांनी तिला जेवढी जागा दिली, साधारण तेवढीच जागा लेखात द्यायची. कालचा व्हिडिओ कितीही फिरत असला तरी चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत तो कदाचित अर्धी ओळ असेल.

हयात माणसं आणि आपली जबाबदारी

हयात माणसाबद्दल लिहिताना हात आखडता घ्या. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र, दोषी ठरणं, निर्दोष सुटणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉट्सॲपवर चारही "भ्रष्टाचारी" या एका शब्दात मावतात. आपल्याकडं नाही. आणि गुन्हा दाखल झाल्याची बातमी लिहिलीत तर पुढं तो सुटला हेही लिहायची जबाबदारी तुमचीच. पहिली बातमी पहिल्या पानावर असते, दुसरी आतल्या पानावर चार ओळींत. शोधायला लागते.

काळजीचा दुसरा भाग तुमच्यासाठी. फेब्रुवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी विकिपीडियातल्या मजकुरावरून मोठा वाद झाला. महाराष्ट्र सायबर विभागानं मजकूर काढायची नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्यात कोण बरोबर यावर मी इथं बोलत नाही. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय, की इथं टाईप केलेला शब्द हवेत जात नाही. इतिहासाच्या टॅबमध्ये तो कायम राहतो, तुमच्या सदस्यनावासह. म्हणून भक्कम संदर्भाशिवाय नाजूक विषयाला हात घालू नका. नवीन असाल तर जुन्या संपादकाला विचारा, चर्चा पानावर आधी मांडा. आणि तिथं स्वतःचं गाव, नंबर, घराचा पत्ता टाकत बसू नका.

संदर्भांबद्दल एक गावठी सल्ला. वाढदिवसाची विशेष पुरवणी हा संदर्भ नाही. ती जाहिरात आहे, बातमीच्या कपड्यातली. नेत्याचं स्वतःचं फेसबुक पान, कार्यकर्त्यानं छापलेला गौरवग्रंथ, यावरून फार तर त्यांचं स्वतःचं म्हणणं सांगता येईल. निवडणूक आयोगाचे निकाल, लोकसभेच्या आणि विधानमंडळाच्या नोंदी, जिल्ह्याचं गॅझेटियर, अभ्यासकांची पुस्तकं, आणि एकापेक्षा जास्त वृत्तपत्रं, हे आपलं भांडवल. एकाच पेपरवर विसंबू नका, कारण कुठला पेपर कुणाचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

माझी स्वतःची फजिती

आता कबुली. मी सुरुवातीला लिहिलेला लेख आमच्या भागातल्या एका नेत्यावर होता. नाव सांगत नाही. माझे वडील त्यांच्या कारखान्याचे सभासद, आमच्या दिवाणखान्यात त्यांचा फोटो. मी मनापासून लिहिलं. "शेतकऱ्यांच्या जीवनात सोन्याची पहाट आणणारे" असं एक वाक्य होतं, मला फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी अर्धा लेख उडवला. मला रडूच आलं. मी परत टाकला. त्यानं परत काढला. तीन वेळा झालं हे.

मग त्या जुन्या संपादकानं माझ्या चर्चा पानावर दोन ओळी लिहिल्या. तुमची मेहनत दिसते, कारखान्याची स्थापना आणि सभासदसंख्या यांचे संदर्भ मिळाले तर तो परिच्छेद आपण मिळून परत घालू, अशा अर्थाच्या. त्या "मिळून" शब्दानं मी टिकले. नाहीतर त्या दिवशीच मी विकिपीडिया सोडला असता.

म्हणून जे कुणी आता नव्यांना शिकवताय त्यांना सांगते. नियमाचं पान तोंडावर फेकू नका. आधी त्याचं काय चांगलं झालं ते सांगा, मग एक चूक दाखवा, एकच, आणि ती सुधारताना सोबत बसा. नवीन पोर राजकारणावर एकतर्फी लिहितं ते बहुतेक वेळा लबाडीनं नाही, घरात ऐकलेलं लिहितं. त्याला पक्षाचा माणूस म्हणून हाकललंत तर ते खरंच पक्षाच्या आयटी सेलमध्ये जाऊन बसेल.

पुढची गोष्ट अजून अवघड. माझं नाव गावात झाल्यावर वडिलांच्या ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "साहेबांच्या पानावर ते जुन्या चौकशीचं कशाला ठेवलंय? काढून टाक की, आपलंच घर आहे." वडील माझ्याकडं बघत होते. खरं सांगते, एखाद्या अनोळखी माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. मी म्हटलं, काका, त्या चौकशीत पुढं काय झालं त्याची बातमी असेल तर द्या, मी आज घालते. जे आहे ते काढता येणार नाही. आणि खरं तर त्या पानाला मी हातच लावायला नको, कारण आपले संबंध आहेत. ते उठून गेले. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांनीच कपाटातून एक पिवळं पडलेलं कात्रण काढून दिलं, ती चौकशी कशी संपली त्याचं. मी ते चर्चा पानावर मांडलं, माझा संबंध सांगून, आणि दुसऱ्या संपादकानं तपासून लेखात घातलं.

तुमच्यावरही ही वेळ येईल. सातारा-सांगलीत कुणी ना कुणी कुणाचा पाहुणा असतोच. तुम्ही ज्याच्या संस्थेत नोकरी करता, ज्याच्या पॅनेलमध्ये तुमचा चुलता आहे, त्याचं पान स्वतः लिहू नका. चर्चा पानावर सुचवा, नातं सांगा. आणि कुणी पैसे देऊन लिहायला सांगितलं तर ते उघड करणं विकिपीडियाच्या अटींप्रमाणे बंधनकारक आहे.

वाईचा धडा

एक प्रश्न सगळीकडं येतो. "ताई, मला ठाम मतं आहेत. मग मी लिहूच नये का?"

तर बघा. मराठी विश्वकोशाचं काम आपल्याच जिल्ह्यात, वाईला उभं राहिलं. पहिला खंड 1976 मध्ये आला. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. हा माणूस काय बिनमताचा होता? स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला, अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधारानं लढलेला, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांच्या जवळ असलेला. मतं चिक्कार होती. पण मतं भाषणात आणि स्वतःच्या पुस्तकात मांडायची, कोशात नोंद करायची, ही शिस्त त्या कामात होती. त्या विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, नोंद तज्ज्ञांकडून तपासून जाते. आपल्याकडं तज्ज्ञांची समिती नाही. आपल्याकडं चर्चा पान आहे आणि चावडी आहे. म्हणजे ती शिस्त बाहेरून कुणी लावणार नाही, आपली आपणच लावायची.

मत असू द्या. लिहायला बसण्याआधी ते एका कागदावर उतरवून काढा. "मला हा नेता आवडतो, कारण..." मग लेख लिहून झाला की तो कागद शेजारी ठेवून वाचा. त्या कागदावरचं किती लेखात झिरपलंय ते दिसतं.

या आठवड्याचं काम

पहिलं काम, खातं उघडा आणि धूळपाटीवर लिहून बघा. धूळपाटी चुकण्यासाठीच असते.

दुसरं, लगेच आमदाराच्या पानावर जाऊ नका. आपल्या गावच्या, नदीच्या, शाळेच्या लेखात संदर्भासह एक वाक्य घाला. संपादन सारांशात काय बदललं ते लिहा.

तिसरं, तुम्हाला जो नेता अजिबात आवडत नाही, त्याच्यावर धूळपाटीवर पाच वाक्यं लिहा. मग त्याच्या एखाद्या कार्यकर्त्याला वाचायला द्या. तो म्हणाला, "बरोबर आहे, पण जरा कमी कौतुक केलंय," तर तुम्ही पास.

कराडच्या त्या सत्राच्या शेवटी फळा पुसायला मी डस्टर उचललं, तर तो सांगलीकडचा मुलगा म्हणाला, "ताई, थांबा, फोटो काढू द्या. घरी दाखवतो. आमच्या आजोबांना 18 जुलै तारीख माहिती नसेल, खंजीर तेवढा माहितीय." त्यानं फोटो काढला. पुढं आजोबा काय म्हणाले, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर, संदर्भ द्या.